हात हुंगा, वहिनी

शनिवार, १३ डिसेंबर १९८६, सकाळी साडेदहा. वेस्ट विंडसर, न्यू जर्सी. भाऊजींच्या घराचं बेसमेंट. हजर: भाऊजी, माझा नवरा, मी आणि बाई.

हे माझ्या त्या वर्षीच्या डायरीतून उतरवून घेतलं आहे. कोण आलं होतं, काय ठरलं, कोणी काय करायचं, हे लिहून ठेवायची मला सवय आहे. मंडळाच्या गणपतीला कोण किती पुऱ्या आणणार, हे गेली नऊ वर्षं माझ्याच वहीत असतं. लोक हसतात, पण अडलं की माझ्याकडेच येतात.

बाई म्हणजे तेरा फुटांची बर्मी अजगराची मादी. विमानात चालते तेवढी भरलेली सूटकेस उचलताना जसा कंबरेत झटका बसतो, तसा बाईंना उचलताना बसायचा. भाऊजी त्यांच्याबद्दल नेहमी मानाने बोलत. ‘बाई जेवल्या’, ‘बाईंना आज एकटं राहायचंय’. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, यांनी घरकामाला कोणी ठेवलं आहे. चार महिन्यांत आम्हीही तसंच बोलायला लागलो.

त्या शनिवारी भाऊजी घराची किल्ली आमच्याकडे देत होते. नागपूरला पुतणीचं लग्न होतं. सात वर्षांत ते भारतात गेले नव्हते, कारण बाईंना कोणाच्या भरवशावर सोडणार? त्यांची आई गेली तेव्हाही जाता आलं नव्हतं. या वेळी मी म्हटलं, “भाऊजी, तुम्ही निर्धास्त जा. मी बघते.”

“तुम्ही म्हणताय म्हणून जातो,” ते म्हणाले. “दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर गेलो नसतो.”

मग त्यांनी मला अकरा कलमांची यादी दिली.

भाऊजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे रिसर्च लॅबमधले ज्येष्ठ सहकारी. रसायनशास्त्रज्ञ, पन्नाशी ओलांडलेले, एकटे. तीस वर्षं कसल्याकसल्या द्रावणांच्या वाफा घेऊन त्यांचं नाक कायमचं गेलं होतं. फोडणी जळली तरी कळायचं नाही. दूध नासलंय का हे ते चव घेऊन बघत. याचं त्यांना दुःख नव्हतं, अडचण मात्र होती. कारण अजगर पाळणाऱ्याला नाक लागतं.

ते कसं, हे त्यांनी मला पहिल्याच भेटीत समजावलं होतं. अजगर माणसाला खायला येत नाही. पण हाताला सशाचा किंवा कोंबडीचा वास असेल, तर त्याला हात दिसत नाही, जेवण दिसतं. म्हणून पेटी उघडण्यापूर्वी हात साबणाने धुवायचे आणि हुंगायचे. भाऊजींना हुंगून कळायचं नाही. म्हणून ते शेजारच्या गल्लीतून चालत आमच्याकडे यायचे, दारात उभे राहून दोन्ही हात पुढे करायचे आणि म्हणायचे, “हात हुंगा, वहिनी.”

मी हुंगायची. “साबण,” म्हणायची. किंवा “अहो, तुम्ही कोबी चिरलात का?”

“कोबी चालतो,” म्हणून ते परत जायचे.

समोरच्या घरातल्या अमेरिकन बाई हे बघत असत. एकदा त्यांनी मला हळूच विचारलं, की हा तुमच्या धर्मातला काही विधी आहे का? मी हो म्हणून टाकलं. खरं सांगायला दहा मिनिटं लागली असती.

स्वतः भाऊजी पक्के शाकाहारी. बेसमेंटमध्ये दोन फ्रीझर होते. एकात मटार आणि मेथीची पाकिटं, दुसऱ्यात गोठवलेले ससे. भाऊजींकडच्या एका पॉटलकला (प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ आणायचं जेवण) बर्फ आणायला गेलेल्या कोणाच्या तरी सासूबाईंनी चुकीचा फ्रीझर उघडला. त्या संध्याकाळी कोणी जेवलं नाही. दुसऱ्या दिवशी भाऊजींनी फ्रीझरवर रंगाने मोठ्या अक्षरांत ‘माझा’ आणि ‘त्यांचा’ असं लिहिलं. माझा नवरा म्हणाला, “अहो, पण यातला तुमचा कुठला, हे वाचणाऱ्याला कसं कळणार?” भाऊजींनी बराच विचार केला. मग मटारच्या फ्रीझरवर एक शेंग काढली.

दर शनिवारी दुपारी ते मॉलमधल्या पाळीव प्राण्यांच्या दुकानात जात. काही घ्यायला नाही, लोकांना घेऊ न द्यायला. तिथे काचेच्या पेट्यांत अजगराची पिल्लं असायची, दीड-दोन फुटांची, पेन्सिलीहून थोडी जाड, अंगावर सुंदर नक्षी. बघणारा भुलायचाच. भाऊजींच्या गाडीत एक जाड दोर असायचा, पंधरा फुटांचा, मध्ये मध्ये गाठी मारलेला. कोणी पिल्लू हातात घेतलं, की हे जाऊन त्याच्या दुसऱ्या हातात दोराचं टोक द्यायचे. “जरा धरा,” म्हणायचे आणि दोर सोडत मागे मागे जायचे. पहिली गाठ सात फुटांवर. “हे एक वर्ष.” दुसरी गाठ. “हे दोन वर्षं.” तिसऱ्या गाठीपर्यंत ते कुत्र्यांच्या खाण्याच्या रांगेत पोचलेले असायचे आणि तिथून ओरडून विचारायचे, “तुमच्या घरात एवढी खोली आहे का? उचलायला दुसरा माणूस आहे का? आणि तो दहा वर्षं तुमच्याशी भांडणार नाही, याची खात्री आहे का?”

मॅनेजरने त्यांना दोनदा बाहेर काढलं. पण पुढे असं झालं, की लोकांनी मोठे झालेले साप दुकानात परत आणून टाकले, की तोच मॅनेजर भाऊजींना फोन करायचा. बाई अशाच आल्या. कॉलेजच्या पोरांनी घेतल्या होत्या, बाथटबमध्ये ठेवल्या होत्या. परीक्षा संपली तशी पोरं घरी गेली.

“तुम्ही यांना निवडलंत कसं?” मी एकदा विचारलं.

“बाईंना मी निवडलं नाही. मी नेलं नसतं तर त्यांना मारून टाकलं असतं, ते बघायचं धाडस नव्हतं,” ते म्हणाले. “पहिला साप मात्र निवडून घेतला, बोआ जातीचा. आठ महिने निवडत होतो.”

“आठ महिने? घर घ्यायला किती लागले?”

“एक रविवार. घर चुकलं तर विकता येतं.”

साप निवडण्याबद्दल ते तासभर बोलू शकत. डोळे स्वच्छ हवेत, तोंडाशी फेस नको, खवल्यांच्या कडेला बारीक किडे नकोत, हातात घेतल्यावर अंगाला पीळ हवा, आणि किमान तीनदा जेवल्याची लेखी नोंद हवी. रंग सगळ्यात शेवटी बघायचा. एकट्या माणसाने बोआ घ्यावा, आठ फुटांवर थांबतो. मोठा अजगर घरात दोघं असतील तरच. दहा फुटांच्या वरचा साप एकट्याने पेटीबाहेर काढायचा नाही, हा त्यांचा कडक नियम होता. ते स्वतः एकटे होते, म्हणून हा नियम माझ्या नवऱ्यावर येऊन पडायचा. महिन्यातून दोनदा तो ऑफिसचे कपडे बदलून बाईंची शेपटीकडची बाजू धरायला जायचा. “लग्नात मुलीचा मामा असतो ना, तसा मी आहे,” तो म्हणायचा. “उभं राहायचं, धरायचं, बोलायचं नाही.”

मी भाऊजींना एकदा सरळच विचारलं होतं, की कुत्रा का नाही पाळत? त्यांनी चहा संपवला, मग म्हणाले, “कुत्रा दारात वाट बघतो, वहिनी. मला उशीर होतो. बाई वाट बघत नाहीत. पण खाली गेलं की असतात. मला तेवढंच झेपतं.”

आता ती यादी.

भाऊजींची यादी चांगली होती, हे मी जाणकार म्हणून सांगते. तापमान दिवसातून दोनदा लिहायचं, पेटीत अठ्ठ्याऐंशी फॅरनहाइट हवं, ऐंशीच्या खाली जाऊ नये. पाणी बदलायचं. जेवण द्यायचं नाही, भाऊजी जाण्याआधीच बाई जेवल्या होत्या आणि तीन आठवडे त्यांना काही लागणार नव्हतं. पेटी एकटीने उघडायची नाही. सहावं कलम असं होतं: थंडी वाढली तर कपाटातलं निळं लोकरी ब्लँकेट पेटीवर घालावं, फक्त वरून. अकरावं कलम: “वहिनी, नाक तुमचं वापरा. काही वेगळा वास आला तर लिहा.”

बाई सोडून आणखी तीन लहान साप होते, वरच्या मजल्यावरच्या खोलीत. प्रत्येक सापाचं एक कार्ड होतं. जेवण, कात, वजन, तापमान आणि शेवटी शेरा. ते तीन आठवडे बाईंच्या कार्डावर माझं अक्षर आहे.

नाताळच्या आठवड्यात कडाक्याची थंडी पडली. २६ तारखेला सकाळी थर्मामीटर शहात्तर दाखवत होता. मी लिहिलं: शहात्तर. मग कपाटातलं निळं ब्लँकेट काढलं. त्यावर इतकी धूळ होती, की मला शिंका आल्या. असं मळकट पांघरूण मी घालणार नाही, असं मी ठरवलं आणि ते धुवायला घरी आणलं. त्याच्या बदली माझ्याकडची गोधडी नेली. आईने जुन्या नऊवारीची शिवलेली, दोन वर्षं वरच्या कपाटात सूटकेसमध्ये ठेवलेली.

नवरा म्हणाला, “त्यांनी निळं लिहिलंय ना?”

“त्यांनी निळं लिहिलं, कारण त्यांच्याकडे निळं होतं,” मी म्हटलं.

बेसमेंटमध्ये गेल्यावर मला वाटलं, नुसती वरून घालून काय होणार? बाई कोपऱ्यात, गरम दिव्याखाली वेटोळं करून होत्या. नवऱ्याने काच सरकवली, मी अर्धी गोधडी आत सारली, अर्धी वर राहू दिली. बाईंनी जीभ काढून तिच्याकडे बघितलं आणि संध्याकाळपर्यंत त्या तिच्या घडीत जाऊन बसल्या. मला फार बरं वाटलं. तापमान शहाऐंशीवर आलं. मी लिहिलं: शहाऐंशी.

गोधडीबद्दल लिहिलं नाही. कार्डावर तिच्यासाठी रकाना नव्हता.

त्या सूटकेसमध्ये मी डांबराच्या गोळ्या ठेवत असे. आई ठेवायची, म्हणून मी ठेवायची. इथे आल्यावर पहिल्या वर्षी मी त्या कुठे मिळतात हे तीन दुकानं फिरून शोधलं होतं. गोधडीच्या शिवणीत त्यांचा चुरा बसला होता. बेसमेंट त्या वासाने भरलं होतं आणि मी रोज दोनदा तिथे उभी राहून तापमान लिहीत होते. नाक माझं होतं, शाबूत होतं. पण तो मला वास वाटलाच नाही. आमच्या घरी सणाला कपाट उघडलं की येतो, धुतलेल्या, जपलेल्या कपड्यांचा येतो, तो. माझ्या लेखी ते स्वच्छ होतं. अकराव्या कलमापुढे मी रोज लिहिलं: “वास नाही.”

तीस तारखेपासून बाई मान वर करून काचेला टेकून बसायला लागल्या. डोकं किंचित डोलायचं. नवरा म्हणाला, “बघ, वाट बघत नाहीत म्हणे. विमान कधी उतरतंय ते बघतायत.” आम्ही हसलो. मी शेऱ्यात लिहिलं: “बाई वर बघत बसतात. भाऊजींची वाट बघत असाव्यात.”

तीन जानेवारीला निळं ब्लँकेट धुऊन, वाळवून, घडी घालून परत नेलं. गोधडी काढून घरी आणली. भाऊजी येतील तेव्हा सगळं जसंच्या तसं दिसावं, असं मला वाटत होतं. चार तारखेला ते आले. माझ्यासाठी नागपूरच्या संत्र्याच्या बर्फीचा डबा आणि एक साडी आणली होती. त्यांनी खाली जाऊन कार्ड वाचलं. शेवटची ओळ दोनदा वाचली, चष्मा काढून पुसला. मग पेटीकडे बघितलं.

सात तारखेला बाई गेल्या. प्राण्यांच्या डॉक्टरने तपासून सांगितलं, की फुप्फुसं खराब झाली होती, थंडी लागली असावी. भाऊजींनी कार्डावरचं शहात्तर बघितलं. हीटर आणि थर्मोस्टॅट त्यांनी स्वतः जोडलेला होता. तो त्यांनी भिंतीवरून उपटून काढला, स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्याचे सुटे भाग मांडले आणि दोन दिवस बिघाड शोधत बसले. सापडला नाही. बिघाड नव्हताच. बाहेर पाणी गोठेल इतका गारठा पडला, तेव्हा खोलीच गार झाली होती, एवढंच. तरी त्यांनी कार्डाच्या शेऱ्यात लिहिलं: “चूक माझी. हीटर.”

मी त्यांच्यासाठी खिचडी घेऊन गेले होते. म्हटलं, “भाऊजी, असं स्वतःला लावून घेऊ नका.” तेव्हा मला खरंच काही माहीत नव्हतं. हे मी सफाई म्हणून सांगत नाही, क्रम बरोबर असावा म्हणून सांगते.

कळलं ते एप्रिलमध्ये. एक तरुण जोडपं भाऊजींचा सल्ला घ्यायला आलं होतं. नवऱ्याला अजगर हवा होता, बायकोला काहीच नको होतं. भाऊजींनी दोर काढला, पण त्यात पूर्वीची मजा नव्हती. तिसऱ्या गाठीपर्यंत गेलेच नाहीत. बोआ घ्या म्हणाले, छोटा घ्या. मग पेटी कशी असावी हे सांगायला लागले. मी चहाचे कप ट्रेमध्ये लावत होते.

“देवदाराच्या लाकडाचा भुसा घालायचा नाही,” ते म्हणाले. “माश्या मारायच्या पट्ट्या त्या खोलीत टांगायच्या नाहीत. डांबराच्या गोळ्या तर घराच्या त्या भागातसुद्धा नकोत. गरम, बंद पेटीत त्यांची वाफ कोंडते. सापाला मान सावरत नाही, वर बघत बसतो, मग फुप्फुसं जातात. हे मी कागदावर देत नाही, सगळ्यांना माहीत असतं.”

ती मुलगी म्हणाली, “माझ्या आजीकडे असायच्या, त्या वासाने माझं डोकं दुखतं.”

“तुमचं नाक चांगलं आहे,” भाऊजी म्हणाले. “मला या वहिनींचं उसनं घ्यावं लागतं.” आणि माझ्याकडे बघून हसले. जानेवारीनंतर पहिल्यांदाच.

मी कप मोजले. चार होते. पुन्हा मोजले.

त्या वेळी सांगायला हवं होतं. जोडपं गेल्यावर सांगायला हवं होतं. घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, “सांगून बाई परत येणार आहेत का?” मला तेवढं कारण पुरलं. थंडीनेही झालं असेल, डॉक्टरही तसंच म्हणाला, हे मी स्वतःला सांगितलं. अजूनही खात्रीने कोणी काही सांगू शकणार नाही. पण कारणं दोन होती आणि भाऊजींना त्यातलं एकच ठाऊक होतं. तेही त्यांचं स्वतःचं.

त्या उन्हाळ्यात त्यांनी उरलेले तिन्ही साप ओळखीच्या, भरवशाच्या लोकांना देऊन टाकले. शनिवारी मॉलमध्ये जाणं बंद केलं. दारात हात पुढे करून उभं राहायला आता काही कारण नव्हतं. तरी एकदा ते आले, सवयीने हात अर्धे वर उचलले आणि खिशात घातले. “गवत कापत होतो,” म्हणाले. मी म्हटलं, “हो, येतोय वास.” आला नव्हता.

अठ्ठ्याऐंशीत त्यांनी लवकर निवृत्ती घेतली आणि अॅरिझोनात चँडलरला गेले. तिथे थंडी नाही, असं सगळ्यांना सांगत होते. सामान बांधायला आम्ही दोघं गेलो होतो, खोक्यांवर नंबर आणि यादी अर्थातच माझी. जाताना त्यांनी बाईंचं कार्ड माझ्या हातात दिलं. “शेवटचे तीन आठवडे तुमच्या अक्षरात आहेत. तुम्ही नीट ठेवाल.”

मागच्या महिन्यात त्यांचं पत्र आलं. शेजारी राहणारा कोणी इंजिनिअर दुसऱ्या राज्यात चालला आहे. त्याच्याकडे सात फुटांची बोआ मादी आहे, शांत, नीट जेवणारी, लेखी नोंदी असलेली. भाऊजींनी घ्यावी, असं त्याचं म्हणणं. नाहीतर ऑक्टोबरअखेरीला तो तिला एका व्यापाऱ्याला देणार. “डोळे बघितले, तोंड बघितलं, सगळं पटलं,” भाऊजींनी लिहिलंय. “पण बाईंच्या वेळी झालं ते विसरता येत नाही. माझ्या हातची व्यवस्था आता मला भरवशाची वाटत नाही. नाहीच म्हणणार आहे. तरी तुम्हाला काय वाटतं ते कळवा. तुम्ही व्यवस्थित आहात, म्हणून विचारतो.”

मी तीनदा फोन केला. तीनही वेळा तिथे किती गरम आहे आणि इथे पानं कशी गळताहेत, यावर बोलून ठेवला.

आज मंगळवार, २४ ऑक्टोबर १९८९. कामाची यादी सकाळी केली होती. पाकीट आणलं. त्यावर चँडलरचा पत्ता लिहिला. तिकीट लावलं. बाईंचं कार्ड ड्रॉवरमधून काढून टेबलावर ठेवलं आहे. त्यांच्या ‘चूक माझी. हीटर.’च्या खाली दोन ओळी मोकळ्या आहेत, आणि मला लिहायचं आहे ते दोन ओळींत बसतं, हे मी मोजून बघितलं आहे. टपाल साडेचारला निघतं. आत्ता चार वाजून दहा मिनिटं झाली आहेत, आणि दोन्ही ओळी मोकळ्याच आहेत.